‘हा गुन्हा माझ्याच हातून घडला’ : भ्रमांसह येणाऱ्या नैराश्याविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात नैराश्याच्या सर्वसाधारण लक्षणांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली: घरातले माणूस केवळ उदास राहत नाही, तर जे कधी घडलेच नाही ते घडले आहे असे शपथेवर सांगते. नैराश्याचा हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. तीव्र नैराश्याच्या दर पाच-सात रुग्णांमागे एखाद्यात तो आढळतो, आणि दाखल करावे लागणाऱ्या वयस्कर रुग्णांत त्याचे प्रमाण आणखी जास्त असते. म्हणून या वेळचा सगळा मजकूर त्यालाच दिला आहे. पत्रलेखकांची ओळख पटू नये यासाठी तपशिलांत बदल केले आहेत.

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. त्यांनी ३१ वर्षे विकास सोसायटीचे गटसचिव म्हणून काम केले आणि पंचक्रोशीत त्यांच्या सचोटीचे नाव होते. दिवाळीनंतर त्यांचे बोलणे कमी झाले, मग ते पहाटे तीनला उठून ओसरीवर बसू लागले. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी सांगितले की, सोसायटीच्या वसुलीत त्यांनी अफरातफर केली आहे, पोलीस येणार आहेत आणि घरावर जप्ती येणार आहे. मी घाबरून निबंधकांच्या कार्यालयात जाऊन चौकशी केली. त्यांच्या काळातले लेखापरीक्षण स्वच्छ आहे, बहुतेक वर्षे ‘अ’ वर्ग मिळालेला आहे. ते कागद दाखवल्यावर वडील म्हणाले, ‘हे मागाहून तयार केलेले आहेत.’ आता ते जेवत नाहीत. ‘या घरातले अन्न खायचा मला हक्क नाही’ म्हणतात. वजन नऊ किलोने उतरले आहे. गावातल्या डॉक्टरांनी टॉनिक आणि झोपेची गोळी दिली. चुलते म्हणतात, काहीतरी केलेच असेल, म्हणून मन खाते. हा आजार आहे की टोचणी? मनोविकारतज्ज्ञाकडे यायला ते तयार नाहीत. आम्ही काय करावे? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : हा आजार आहे, आणि तो पुढच्या महिन्यावर ढकलण्यासारखा नाही. हे पत्र छापून येण्याची वाट न पाहता तुम्हाला स्वतंत्रपणे कळवले आहेच. तरी इतर कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून येथे सविस्तर लिहितो.

टोचणी आणि भ्रम यांतला फरक तुमच्याच पत्रात आहे. ज्याला खरी टोचणी लागलेली असते, त्याच्या अपराधाला काहीएक आकार असतो. किती रुपये, कोणाचे, केव्हा, हे तो सांगू शकतो, क्षमा मागतो, भरपाई करू पाहतो आणि निर्दोष असल्याचा पुरावा समोर आला तर त्याचा जीव भांड्यात पडतो. भ्रमाचे तसे नसते. पुरावा समोर आला की भ्रम तो पुरावाच गिळून टाकतो आणि अधिक पुष्ट होतो. तुम्ही लेखापरीक्षणाचे दाखले आणलेत, ते मुलाच्या जिव्हाळ्याने केलेत. परंतु ते दाखले आता कपाटात ठेवा आणि आणखी कागद आणू नका. वडिलांना कागद पटत नाहीत याचे कारण कागदांत नाही.

माझ्या अनुभवात हा आजार उशिरा ओळखला जाण्याचे मुख्य कारण हे की, त्यातला भ्रम सभ्य दिसतो. ‘शेजारी माझ्या डोक्यात यंत्राने विचार घालतात’ असे कोणी म्हणाले, तर घरचे लोक आठवड्याच्या आत डॉक्टर गाठतात. पण प्रामाणिक माणूस ‘माझ्या हातून चूक झाली’ असे म्हणू लागला, तर ते त्याच्या स्वभावाला शोभून दिसते. ज्याने आयुष्यभर किर्द आणि खतावणीतला एकेक पैसा जुळवला, त्याच्या नैराश्याने नेमकी तीच किर्द हाती घेतली, इतकेच घडले आहे. शेतकऱ्याला याच आजारात सातबारा दुसऱ्याच्या नावावर गेल्याची खात्री पटते, आईला आपल्यामुळे मुलांच्या संसाराला कीड लागल्याची खात्री पटते, आणि एखाद्याला बँकेत पुरेसे पैसे असूनही घरात उद्याचे पीठ नाही याविषयी तिळमात्र शंका उरत नाही. कोणाला पोटातली आतडी सडली आहेत असे वाटते. याचे टोक फ्रेंच डॉक्टर जूल कोतार यांनी १८८० मध्ये पॅरिसमध्ये मांडलेल्या एका रुग्णाच्या वर्णनात दिसते: ती बाई आपल्याला मेंदू नाही, जठर नाही, आतडी नाहीत आणि म्हणून जेवणाचीही गरज नाही, असे सांगत असे. अशा भ्रमांना आजही त्यांचे नाव लावतात. अपराध, दारिद्र्य, रोग, सर्वनाश: विषय वेगळे असले तरी सगळ्यांचा रंग एकच, मनाच्या काळोखाचा.

भ्रमांच्या जोडीला भास असतातच असे नाही. असले तर बहुधा आवाज ऐकू येतात, तेही एखाद्या शब्दाचे किंवा तोकड्या वाक्याचे, ‘नालायक’, ‘मर’ अशा धाटणीचे. क्वचित स्वतःच्या अंगाला कुजल्याचा वास येतो असे रुग्ण सांगतो. भ्रमाचा विषय मनःस्थितीशी अजिबात जुळत नसेल, किंवा उदासी ओसरल्यावरही भ्रम तसाच राहत असेल, तर स्किझोफ्रेनिया आणि त्याच्या जवळच्या आजारांचा विचार करावा लागतो. म्हणूनच ‘आधी काय सुरू झाले, उदासी की भ्रम?’ हा प्रश्न आम्ही घरच्यांना तीनतीनदा विचारतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत आधी अबोला, मग पहाटेची जाग, मग भ्रम असा क्रम आहे आणि तो बोलका आहे. पूर्वी कधी त्यांच्यात अवाजवी उत्साह, कमी झोपेतही न थकणे, उधळपट्टी असा काळ येऊन गेला होता का, हेही आठवून सांगा. द्विध्रुवी आजारातले (ज्यात उदासीचे आणि अवाजवी उत्साहाचे काळ येतात) नैराश्य असेल तर औषधांची निवड बदलते.

या आजारात शरीरही बोलते. नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधी जाग येते, सकाळ सर्वांत वाईट जाते आणि संध्याकाळी किंचित मोकळे वाटते. काही रुग्ण इतके मंदावतात की प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला अर्धा मिनिट लागते; काही उलट एका जागी बसू शकत नाहीत, हात चोळत येरझारा घालतात. लक्ष इतके उडते की वयस्कर माणसाला स्मृतिभ्रंश झाला असे वाटावे. आणखी एक: बरेच रुग्ण भ्रम लपवतात, कारण त्यांच्या लेखी तो आजार नसून कबुलीजबाब असतो. पाच मिनिटांच्या तपासणीत ‘झोप लागत नाही’ एवढेच ते सांगतात आणि झोपेची गोळी घेऊन घरी जातात. ‘तुमच्या हातून काही मोठी चूक झाली असे वाटते का? त्याची काही शिक्षा होईल अशी भीती आहे का?’ असे कोणी विचारले तरच दार उघडते.

साठीनंतर पहिल्यांदाच असे घडले असेल तर शरीराच्या तपासण्या टाळू नयेत. थायरॉइड, जीवनसत्त्व बी १२, रक्तातले सोडियम आणि साखर, मेंदूचे स्कॅन, तसेच सुरू असलेली औषधे (विशेषतः स्टेरॉइड), दारू आणि कंपवाताची सुरुवात यांचा विचार डॉक्टर करतील. मात्र तपासण्या ‘नॉर्मल’ आल्या म्हणजे ‘काही नाही’ असा अर्थ होत नाही. तेथून तर खरा तपास सुरू होतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. साध्या नैराश्यापेक्षा या प्रकारात आत्महत्येचा धोका अधिक असतो, कारण रुग्णाला मरण ही आपली वाजवी शिक्षा वाटते. त्यांना सरळ विचारा, ‘आप्पा, जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते का?’ विचारल्याने नवा विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारले याने पुष्कळांना हायसे वाटते. शेतीची कीटकनाशके घरातून आणि गोठ्यातून आजच हलवा, घरातल्या गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा आणि वडिलांना एकटे सोडू नका. ते पाणीही घेईनासे झाले, तर तो दिवस तातडीने रुग्णालयात दाखल करण्याचा समजा.

बोलायचे कसे, हा तुमचा खरा पेच आहे. वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. ‘तुम्ही काही केलेले नाही, उगाच वेड्यासारखे बोलू नका’ म्हटले की ते एकटे पडतात. ‘जाऊ दे, आपण पैसे भरून टाकू’ म्हटले की भ्रमावर शिक्का बसतो. ‘तुम्हाला तसे वाटते आहे आणि त्याचा किती त्रास होतो आहे ते मला दिसते. मला तसे वाटत नाही. पण तुम्ही आठ दिवस झोपला नाहीत, त्यासाठी आपण डॉक्टरांकडे जाऊ,’ एवढे पुरते, आणि ते खरेही आहे. लग्नाला चाललो असे सांगून गाडीत घालू नका. पोलीस येणार म्हणून घाबरलेल्या माणसाला फसवून नेले, तर त्याची भीती आपणच खरी करतो.

एवढे करूनही ते तयार झाले नाहीत, तर कायद्यात वाट आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८९ नुसार, रुग्ण स्वतःला इजा करण्याच्या बेतात असेल किंवा स्वतःची काळजी घेण्यास इतका असमर्थ असेल की त्यामुळे त्याला इजा होण्याचा धोका आहे, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून त्याला ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्यासाठी एका मनोविकारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. वडिलांनी आधी कोणाला असा प्रतिनिधी म्हणून नेमलेले नसेल तर जवळचा नातेवाईक हे काम करू शकतो. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, पण त्याआधी जिल्हा रुग्णालयातील किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकार विभाग गाठणे सोपे जाते. रात्रीअपरात्री सल्ला हवा असेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे; तेथे मराठीत बोलता येते.

उपचाराबद्दल: झोपेच्या गोळीने हा आजार जात नाही, आणि केवळ नैराश्याच्या गोळीनेही बहुधा जात नाही. १९७५ मध्येच अमेरिकेतल्या एका गटाने दाखवले होते की, त्या काळचे प्रमुख औषध इमिप्रामिन साध्या तीव्र नैराश्यात जितके चालते तितके भ्रम असलेल्या रुग्णांत चालत नाही. नंतर नैराश्याचे औषध आणि भ्रमांवरचे औषध अशी जोडी देण्याची पद्धत रुळली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५९ रुग्णांच्या अभ्यासात ओलान्झापिन (भ्रमांवरचे) आणि सर्ट्रालिन (नैराश्याचे) ही जोडी १२ आठवडे दिल्यावर सुमारे ४२ टक्के रुग्ण पूर्णपणे लक्षणमुक्त झाले, तर केवळ ओलान्झापिन दिलेल्यांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. यातला पहिला आकडा जोडीच्या बाजूचा आहे हे खरे. पण तीन महिन्यांनीही निम्म्याहून अधिक रुग्णांना पुढचे काही करावे लागले, हेही त्याच आकड्यात आहे. औषध बदलणे, लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाची जोड देणे किंवा ईसीटी (भूल देऊन डोक्याला मोजका विद्युतप्रवाह देण्याचा उपचार, ज्याला लोक ‘शॉक’ म्हणतात), हे ते पुढचे उपाय. ज्यांनी अन्नपाणी सोडले आहे त्यांच्या बाबतीत ईसीटी शेवटी नव्हे, सुरुवातीलाच सुचवली जाते; तुमचे डॉक्टर ती सुचवतील तर दचकू नका.

सुधारणा बहुधा एका क्रमाने येते. आधी झोप आणि भूक परत येते, मग येरझारा थांबतात. भ्रम सर्वांत शेवटी जातो, आणि एका दिवशी जात नाही. आधी तो बोलण्यातून कमी होतो, मग ‘मी केले’ याचे ‘केले असावे’ होते, आणि एके दिवशी ते सोसायटीचा विषय तुम्ही काढेपर्यंत काढत नाहीत. तेव्हा तो तुम्हीही काढू नका. चुलत्यांना मात्र हा अंक जरूर द्या.

प्रश्न : माझ्या आईला (वय ५८) दीड महिना औषधे देऊनही फरक पडला नाही. तिला आपले पोट दगडाचे झाले आहे असे वाटते आणि ती जेमतेम दोन घास खाते. डॉक्टरांनी ‘शॉक’ सुचवले आहेत. मामांचा कडाडून विरोध आहे. मेंदू जळतो, माणूस कायमचा विसरभोळा होतो, असे ते म्हणतात. चित्रपटांत पाहिलेले डोळ्यांसमोरून जात नाही. काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चित्रपटातल्या दृश्यात चार वॉर्डबॉय रुग्णाला दाबून धरतात. प्रत्यक्षात रुग्णाला सर्वांत जास्त त्रास होतो तो सकाळपासून उपाशी राहण्याचा, आणि नातेवाईकांना बाहेर डबा धरून ताटकळण्याचा. हे उपहासाने लिहीत नाही. मामांची भीती जुन्या काळाच्या खऱ्या अनुभवांतून आलेली आहे. १९३८ मध्ये रोममध्ये ही पद्धत सुरू झाली, तेव्हा भूल दिली जात नसे, झटक्यांनी हाडे मोडण्याचे प्रकार होत, आणि आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी ती कित्येक दशके तशीच दिली जात होती. आता २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ ने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध यांच्याशिवाय ईसीटी देण्यास मनाई केली आहे.

काय घडते ते सांगतो. भूलतज्ज्ञ शिरेतून भूल देतात, स्नायू सैल करणारे इंजेक्शन देतात, प्राणवायू सुरू असतो, आणि डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडमधून काही सेकंद मोजका विद्युतप्रवाह दिला जातो. त्याने मेंदूत मिनिटभराच्या आतबाहेर आकडीसारखी क्रिया घडते. शरीर मात्र फारसे हलत नाही. दहा-पंधरा मिनिटांत रुग्णाला जाग येऊ लागते. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, असे एकूण सहा ते बारा वेळा बहुधा पुरते. मेंदू जळत नाही.

याचा उपयोग कोणाला सर्वाधिक होतो, हे मामांना सांगण्यासारखे आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५३ रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांनी ईसीटीचा पूर्ण क्रम घेतला त्यांपैकी भ्रम-भास नसलेले ८३ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले आणि भ्रम-भास असलेले ९५ टक्के. गंमत अशी की, रोगाचे जे रूप पाहून नातेवाईक खचतात, त्याच रूपाला हा उपचार अधिक चांगला लागू पडतो. मनोविकारशास्त्रात असे आकडे वारंवार पाहायला मिळत नाहीत.

स्मृतीविषयी मात्र कोणी ‘काहीच होत नाही’ असे सांगितले तर विश्वास ठेवू नका. जाग आल्यावर तासभर गोंधळ, डोकेदुखी, अंगदुखी हे नेहमीचे आहे. उपचार चालू असतानाच्या आणि त्याच्या मागेपुढेच्या काही आठवड्यांच्या आठवणी पुसट होतात. नवे लक्षात ठेवण्याची क्षमता काही आठवड्यांत परत येते, परंतु त्या काळातल्या काही आठवणी कायमच्या हरवू शकतात. काही रुग्णांना याची खंत राहते आणि ती खंत खरी असते. दुसऱ्या पारड्यात काय आहे, तर दोन घासांवर जगणारी आई. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असे: डोक्याच्या एका बाजूने देणार की दोन्ही बाजूंनी (एका बाजूने दिल्यास स्मृतीवर परिणाम कमी होतो), हृदयाची आणि भुलेची तपासणी झाली का, आणि ईसीटीचा क्रम संपल्यावर कोणती औषधे चालू राहतील. शेवटचा प्रश्न विसरू नका. ईसीटी आजारातून वर काढते, पण पुढे औषधे नसतील तर काही महिन्यांत आजार परतण्याची शक्यता मोठी असते.

प्रश्न : पती चार महिन्यांपासून पूर्ण बरे आहेत, कामावर जातात. पण वजन आठ किलोने वाढले आहे. ‘वेड्यांची गोळी’ आता बंद करतो म्हणतात. करावी का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : परस्पर करू नये. २०१९ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बऱ्या झालेल्या १२६ रुग्णांपैकी काहींचे ओलान्झापिन सर्ट्रालिनबरोबर चालू ठेवले, काहींचे हळूहळू काढून त्या जागी औषध नसलेली गोळी दिली. पुढच्या ३६ आठवड्यांत चालू ठेवलेल्यांपैकी सुमारे २० टक्क्यांत आजार परतला, काढून घेतलेल्यांपैकी सुमारे ५५ टक्क्यांत. ज्यांचे चालू होते त्यांचे वजन आणि कोलेस्टेरॉल वाढले, हेही त्याच अभ्यासात दिसले. तेव्हा पतींची तक्रार रास्त आहे आणि तुमची भीतीही.

मधला मार्ग असतो. वजनावर कमी परिणाम करणारे दुसरे औषध निवडता येते, मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करता येते, काही रुग्णांत मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाचा उपयोग होतो. कंबर, वजन, उपाशीपोटीची साखर आणि चरबी यांची नोंद दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. घराण्यात मधुमेह असेल तर डॉक्टरांना आजच सांगा. गोळी काढायची वेळ आली तरी दोन्ही गोळ्या एकदम काढत नाहीत. भ्रमांवरची आधी, हळूहळू, आणि नैराश्यावरची त्यानंतर बराच काळ चालू. मोठे काम, बदली, घरात लग्न अशा धामधुमीत हा प्रयोग सुरू करू नये. त्या ५५ टक्क्यांच्या पलीकडे गोळी काढूनही न बिघडलेले सुमारे ४५ टक्के उरतात, म्हणून ‘आयुष्यभर’ हा शब्दही मी वापरणार नाही.

आणि गोळीचे नाव ओलान्झापिन आहे. घरात तिला त्याच नावाने हाक मारा.

प्रश्न : भावाला कोणीतरी करणी केली आहे असे सासूबाई आणि गावातले लोक म्हणतात, भाऊही तेच म्हणतो. देवऋषीकडे न्यावे असा आग्रह आहे. हा भ्रम समजावा का? (एक वाचक, धुळे जिल्हा)

उत्तर : सगळे घर ज्यावर विश्वास ठेवते, त्याच विश्वासाला आम्ही एकट्या रुग्णाच्या बाबतीत भ्रम म्हणत नाही. म्हणून करणीचा वाद बाजूला ठेवा आणि झोप, जेवण, हालचाल, मरणाचे बोलणे यांकडे पाहा. भाऊ तीन आठवडे झोपलेला नसेल आणि ‘माझ्या पापामुळे सगळ्यांना करणी भोवते आहे’ असे म्हणत असेल, तर ते गावाच्या समजुतीपुढे एक पाऊल गेलेले आहे. त्या ‘माझ्या पापामुळे’ या शब्दांकडे लक्ष द्या. अंगारा लावून गोळी घेतल्यास गोळीचा गुण कमी होत नाही. पण उपास घडवणे, साखळीने बांधणे, मारहाण करणे, डाग देणे यांपैकी काहीही होऊ देऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली असे करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न : बहीण बाळंत होऊन अकरा दिवस झाले. चार रात्री ती झोपलेली नाही, आणि बाळ बदलले आहे, ते आपल्यामुळे शापित झाले आहे, असे म्हणते. आई म्हणते, पहिलटकरणीला होते असे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हे ‘होते असे’ यांतले नाही. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत वाटणारे हळवेपण वेगळे. ते बहुधा दोन आठवड्यांच्या आत ओसरते आणि त्यात भ्रम नसतात. तुम्ही लिहिले आहे ती दर हजार प्रसूतींमागे एक-दोन स्त्रियांत, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, उद्भवणारी तातडीची अवस्था आहे. तिला आजच दाखवा. तोपर्यंत ती आणि बाळ एका खोलीत एकटी नकोत, आणि यात तिचा दोष आहे असा एक शब्दही कोणी उच्चारू नये. यातल्या अनेकींत मुळाशी द्विध्रुवी आजार असतो, त्यामुळे केवळ नैराश्याची गोळी देणे कधी कधी उलटते. म्हणून तज्ज्ञाची गरज. स्तनपान चालू ठेवायचे की नाही, हे औषध ठरल्यावर डॉक्टरांशी बोलून ठरवा. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आईला बाळासह दाखल करण्याचा स्वतंत्र विभाग आहे. बहुसंख्य स्त्रिया यातून पूर्ण बऱ्या होतात, परंतु पुढच्या बाळंतपणाच्या वेळी हा धोका मोठा असतो, म्हणून त्या वेळी आधीपासून तयारी लागते.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. गेल्या वर्षी आजारात मला खात्री होती की, माझ्यामुळे वर्गातल्या मुलांना असाध्य रोग झाला आहे. मी मुख्याध्यापकांसमोर आणि दोन पालकांसमोर रडून तसे ‘कबूल’ केले. आता सात महिने बरी आहे, शाळेत जाते, पण त्या दिवसाची लाज जात नाही. ते माझ्याच मनातले होते ना? ते परत आले तर मला कळेल का? आणि मी त्या सर्वांची माफी मागावी का? (नाव-गाव न छापण्याची विनंती)

उत्तर : तुमच्या मनातले होते ते मुलांविषयीचे प्रेम आणि जबाबदारीची जाणीव. आजाराने सामान तुमच्या घरातले घेतले. निकाल त्याने स्वतःचा लिहिला. ज्या शिक्षिकेला मुलांची पर्वा नाही, तिच्या आजाराने दुसरे काहीतरी निवडले असते.

परत आले तर तुम्हाला कळेल का, याचे प्रामाणिक उत्तर असे की, सुरुवातीला कळेल आणि नंतर कळणार नाही. भ्रम पक्का झाल्यावर तो सत्यासारखाच दिसतो. आतून त्याला वेगळी खूण नसते. म्हणून खुणा त्याच्या आधीच्या धरायच्या. मागच्या वेळी काय काय झाले ते पतीबरोबर बसून लिहून काढा. बहुतेकांत तो क्रम दुसऱ्या वेळी पुष्कळसा तसाच असतो. तुम्ही पत्राच्या मागच्या पानावर लिहिले आहे की, सर्वांत आधी वह्या तपासणे जमेनासे झाले आणि मग पहाटे साडेतीनला जाग येऊ लागली. ही तुमची खूण. सलग चार पहाटे तशा गेल्या तर पाचव्या दिवशी डॉक्टरांना फोन, आणि तो फोन पती करतील, तुमच्या संमतीची वाट न पाहता, असे आताच ठरवून ठेवा. २०१७ च्या कायद्यात याला लेखी रूप देण्याची सोय आहे. बऱ्या अवस्थेत असताना तुम्ही आगाऊ निर्देश लिहून ठेवू शकता, त्यात पुढे आजारी पडल्यास कोणता उपचार हवा आणि कोणता नको हे सांगू शकता, आणि तुमच्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी नेमू शकता. मागच्या वेळी कोणत्या औषधाने गुण आला, कोणत्याने त्रास झाला, हे त्यात अवश्य लिहा. नव्या डॉक्टरला त्या एका ओळीने महिनाभराचा वेळ वाचवून दिलेला मी पाहिला आहे.

माफी मागू नका. माफी मागितली तर त्या ‘कबुली’ला पुन्हा एकदा कबुलीचेच रूप येईल. मुख्याध्यापकांना ‘तेव्हा मी आजारी होते, ते बोलणे आजाराचे होते, उपचार चालू आहेत’ एवढी तीन वाक्ये एकदा सांगा. त्या दोन पालकांना स्वतःहून शोधत जाऊ नका. ते पालकसभेला भेटले, तर त्यांच्या मुलाच्या गणिताविषयी बोला.